काही न घडलेल्या दिवसांच्या फायली

किल्लारीचा भूकंप झाला तोपर्यंत तो सगळा परिसर देशाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात विभाग १ मध्ये होता. विभाग १ म्हणजे सर्वांत कमी धोका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ च्या सुमारास, गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादकडची गावे गाढ झोपेत असताना, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे आतल्या माणसांवर बसली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे २००२ साली भारतीय मानकातला विभाग १ रद्दच झाला आणि लातूर परिसर विभाग ३ मध्ये आला. या बदलाकडे 'तज्ज्ञ चुकले, मग सुधारले' असे पाहण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. नकाशा काढणाऱ्यांनी हाती असलेल्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष फारसा वावगा नव्हता. माहितीच विरळ होती. या पट्ट्यात मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती, म्हणून धोका कमी धरला गेला. पण नोंद नसण्याची कारणे दोन असू शकतात. एक, जमीन खरोखर शांत होती. दोन, ती हलली तेव्हा टिपायला जवळ कोणी नव्हते. यादीत मात्र दोन्हींसाठी एकच कोरी जागा दिसते. हा कोरेपणा कसा टाळायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. भूकंपनोंदणीच्या यंत्रणेत साठलेल्या फायलींची व्यवस्था हे कारकुनी काम समजले जाते आणि बहुधा शेवटच्या माणसावर ढकलले जाते. माझे म्हणणे असे की ते विज्ञानाचेच काम आहे, आणि त्या साठ्यातली सर्वांत मोलाची फाईल काही न घडलेल्या दिवसाची असते. पुसायची वेळ आली की नेमकी तीच आधी पुसली जाते.

किल्लारीचेच उदाहरण थोडे मागे नेऊन पाहू. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात त्या भागात शंभरावर धक्के लोकांना जाणवले. त्यांतला १८ ऑक्टोबर १९९२ चा चांगलाच जोरदार होता. लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले होते. मग धक्के ओसरले, भीती ओसरली, आणि वर्षभराने ती पहाट आली. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेकांनी तिथे तात्पुरती स्थानके बसवली, पश्चात धक्के मोजले, ६१७ मीटर खोल विंधनविवरही घेतले. त्यात कळले की किल्लारीखाली काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरच आहे आणि त्याखाली फार जुना खडक लागतो. ही सगळी माहिती अस्सल आहे, पण ती नंतरची आहे. १९९२ चे धक्के नेमके कुठे, किती खोल, एका ठिकाणी की सरकत सरकत होत होते, आणि ते धक्के व १९९३ चा भूकंप यांमधल्या महिन्यांत जमीन खरोखर गप्प होती की माणसाला जाणवणार नाही इतपत हलत होती, हे प्रश्न आज विचारले तर उत्तरासाठी हाताशी मापकांच्या दाट जाळ्याची सलग नोंद नाही. विंधनविवर वर्षभर उशिरा घेतले तरी खडक तोच मिळतो. कंप मात्र निघून गेला की गेला. भूकंपशास्त्रातली नोंद मागाहून भरून काढता येत नाही, आणि या शाखेतल्या साठवणुकीची शिस्त इतकी कडक असण्याचे कारण हेच आहे.

आता एक कल्पित स्थानक उभे करू, म्हणजे आकडे हाताला लागतील. समजा, बीड जिल्ह्यात वडवणीला एखाद्या महाविद्यालयाच्या मागे, रस्त्यापासून आत, पक्क्या खडकावर चौथरा बांधून भूकंपमापक बसवला. जागा वाईट नाही. खाली दख्खनचा काळा पाषाण आहे, किल्लारी सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे, आणि शेजारी माजलगावला सिंदफणेवर मोठे धरण आहे. किल्लारीसारखा भूकंप पुन्हा झाला तर त्याची पहिली लाट वडवणीला साधारण वीस सेकंदांत आणि जास्त हादरवणारी दुसरी लाट तिच्यामागून चौदा-पंधरा सेकंदांनी पोचेल. या अंतराला आठाने गुणले की किलोमीटरमध्ये केंद्राचे अंतर ढोबळमानाने निघते. यंत्र तीन दिशांचा कंप मोजते: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. प्रत्येक दिशेने सेकंदाला १०० मोजमापे घेतली तर दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे तयार होतात. एका आकड्याला चार बाइट धरले तर दिवसाचे सुमारे १०४ मेगाबाइट आणि वर्षाचे ३८ गिगाबाइट. प्रत्यक्षात इतकी जागा लागत नाही, कारण या क्षेत्रात रुळलेली साठवणपद्धत पूर्ण आकडा न लिहिता लगतच्या दोन आकड्यांतला फरक लिहिते. जमीन शांत असेल तर हे फरक लहान असतात, आणि लहान आकडा थोड्या जागेत मावतो. फाईल निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि तरीही मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. म्हणजे वडवणीच्या एका वर्षाला १२ ते १९ गिगाबाइट पुरतील, दहा वर्षांना दोनशेच्या आत. हल्ली लग्नाच्या एका चित्रीकरणाला याहून जास्त जागा दिली जाते. यातली गंमत अशी की शांत दिवसाची फाईल सर्वांत लहान असते. जिला पुसून जागा करायची भाषा होते तिनेच जागा सर्वांत कमी अडवलेली असते.

अशी एक फाईल जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्या नावात जाळ्याचे संकेताक्षर, स्थानकाचे संकेताक्षर, मापकाची दिशा, वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस एवढे ठरलेल्या क्रमाने येते. 'एचएचझेड' लिहिले असेल तर पहिले अक्षर नोंदीचा वेग व आवाका सांगते, दुसरे मापकाचा प्रकार, तिसरे वर-खालची दिशा. महिना आणि तारीख नसते. १० जुलै २०२४ ला, हिंगोली जिल्ह्यात ४.५ परिमाणाचा धक्का बसला त्या दिवशीच्या फाईलवर १९२ हा आकडा असेल. नाव उघडून आत गेले की फाईल एकसंध नसते. ५१२ किंवा ४०९६ बाइटांचे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कपाळावर स्थानक, दिशा, सुरुवातीची वेळ, मोजमापांचा वेग आणि संख्या पुन्हा लिहिलेली असते. हा पुनरुक्तीचा सोस नाही. लाईट गेली, यंत्र मधेच बंद पडले, तर बिघडतो तो शेवटचा तुकडा. आधीचे सगळे आपल्या पायावर उभे असतात. हे स्वरूप १९८७ मध्ये भूकंपमापक जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारले आणि त्याच्या सुधारित रूपांत ते अजून चालू आहे. कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवाचून ते वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. यंत्र विकणाऱ्याच्या खासगी स्वरूपात दहा वर्षांची नोंद ठेवली आणि कंपनी बुडाली, तर कुलूप आपल्याकडे आणि किल्ली परदेशात अशी गत होते.

वेळेचा भाग जरा सावकाश पाहावा लागेल, कारण घोटाळे तिथेच होतात. या फायलींचा दिवस भारतीय मध्यरात्रीला बदलत नाही. जगभरची स्थानके एकच जागतिक वेळ पाळतात. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून फाईल आपल्या पहाटे साडेपाचला बदलते. याचा परिणाम असा की किल्लारीचा भूकंप आपल्या लेखी ३० सप्टेंबरचा, पण जागतिक वेळेत तो २९ सप्टेंबरच्या रात्री १०.२६ च्या सुमाराचा आहे. त्याची नोंद २७३ व्या दिवसाच्या फाईलमध्ये शोधली तर मिळायची नाही. ती २७२ मध्ये असते. कोयनेचेही तसेच. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्याकडे लोकांच्या स्मरणात आहे, परदेशी याद्यांत तो १० डिसेंबरचा भूकंप आहे. महाराष्ट्राचे दोन्ही मोठे भूकंप साडेपाचच्या आत झालेले, म्हणून दोन्हींची तारीख सरकते. एखाद्या उत्साही माणसाने 'आपल्या सोयीसाठी' यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर लावले, तर त्या स्थानकाच्या फायली इतर कुठल्याच स्थानकाशी जुळत नाहीत. आणि वेळ जुळणे ही इथे सोय नसून मोजमापच आहे. पहिली लाट सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. घड्याळ एका सेकंदाने चुकले तर अंतराच्या हिशेबात तितकीच चूक शिरते. सहा किलोमीटर म्हणजे गाव बदलले. उपग्रहाकडून वेळ घेणारा अँटेना वानरांनी ओढला किंवा त्यावर पत्रा आला, तर यंत्र नोंद करत राहते, फक्त घड्याळ हळूहळू वाहवत जाते. फाईलमध्ये वेळेच्या भरवशाची खूण असते. ती रोज पाहणारा कोणी नसेल तर सहा महिन्यांच्या फायली भरलेल्या दिसतात आणि कामाच्या नसतात.

शांत दिवस ठेवायचे कशाला, या प्रश्नाकडे आता वळू. जागा महाग होती तेव्हा याचे उत्तर सरळ होते: ठेवूच नका. १९८०-९० च्या दशकांतली बरीच यंत्रे फक्त धक्का आला की नोंद करत. यंत्र गेल्या सेकंदाभराच्या सरासरी कंपाची तुलना गेल्या मिनिटभराच्या सरासरीशी करी, आणि हे गुणोत्तर ठरावीक मर्यादेवर गेले की काही सेकंद आधीपासूनचे जपून ठेवी. बाकी सगळे वाहून जाई. युक्ती हुशार आहे. पण मराठवाड्यात ती कशी फसते हे सांगायला भूकंपतज्ज्ञ नको. विहिरीचा सुरुंग, खडी क्रशर, उसाने भरलेली ट्रॉली हे सगळे धक्के म्हणून साठतात, आणि दिवसाच्या या गलबल्यात एखादा खरा, बारीक, खोलवरचा हादरा मर्यादा ओलांडू शकत नाही, तो कायमचा हरवतो. शिवाय पश्चात धक्क्यांची रांग लागली की नेमक्या त्याच दिवशी यंत्राची स्मृती भरते. याहून मोठा तोटा पुढे लक्षात आला. दोन धक्क्यांमधला जो 'कचरा' टाकून दिला जात होता त्यात समुद्राच्या लाटांनी उठणारा अखंड मंद कंप असतो, आणि दोन स्थानकांवरचा हा कंप महिनोन्‌महिने एकमेकांशी ताडून पाहिला तर त्यांच्या मधल्या जमिनीत लाटा किती वेगाने जातात ते कळते. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचा असा नकाशा निव्वळ या कंपावरून काढला गेला. त्यासाठी एकाही भूकंपाची वाट पाहावी लागली नाही. त्याच कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातल्या २००८ ते २०१७ च्या सलग फायली पुन्हा चाळून, ओळखीच्या धक्क्यांचे नमुने त्यांवर फिरवून, २०१९ मध्ये अठरा लाखांवर भूकंप शोधले गेले. आधीच्या यादीच्या ते सुमारे दहापट होते. यांतले बहुतेक भूकंप त्या दहा वर्षांत 'काही घडले नाही' म्हणून गेलेल्या तासांत लपले होते. २०२० च्या टाळेबंदीत माणसांच्या वर्दळीने होणारा कंप जगभर उतरला, काही काळ तर निम्म्यापर्यंत. तेही आधीच्या सामान्य दिवसांच्या फायली होत्या म्हणून कळले.

आपल्याकडचा सर्वांत भक्कम दाखला कोयनेचा आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी अडवायला सुरुवात झाल्यावर परिसरात हादरे जाणवू लागले आणि १९६३ पासून तिथे मापके बसली. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, त्यात गेलेली पावणेदोनशेच्या आसपास माणसे, उद्ध्वस्त कोयनानगर हे सर्वज्ञात आहे. पण धरणातले पाणी आणि भूकंप यांचा संबंध त्या एका पहाटेच्या नोंदीवरून सिद्ध झालेला नाही. पावसाळ्यात जलाशय भरतो, मग खाली केला जातो, आणि धक्क्यांची संख्या त्याच्या मागोमाग कशी वर-खाली होते हे वर्षानुवर्षे ताडून पाहिल्यावर तो पक्का झाला. त्यासाठी ज्या आठवड्यांत धक्के आले नाहीत ते आठवडेही खात्रीने 'न आलेले' असावे लागतात. यंत्र बंद होते म्हणून रिकामा राहिलेला आठवडा अशा हिशेबात गेला की सगळे गणितच खोटे पडते. उद्या कोणी विचारले की माजलगावच्या पाण्याने वडवणीच्या जमिनीत काही फरक पडतो का, तर बहुधा उत्तर 'नाही' असेल. मात्र 'नाही' म्हणायलासुद्धा धरणाची रोजची पाणीपातळी आणि तितक्याच सलग, शांत फायली लागतील. मराठवाड्यात अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदेचे नाव त्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाईलवर अर्ध्या तासात अफवा फिरते, तहसीलदारांना फोन जातात. त्या मिनिटाची फाईल उघडून 'हा सुरुंग होता', 'हा खरा हादरा होता' किंवा 'जमिनीत काहीच नाही, आवाज हवेतला होता' असे सांगता आले, तर त्या एका फाईलने वर्षभराच्या डिस्कचा खर्च फेडला.

काहींचे म्हणणे असते की मूळ फायली कशाला, त्यांवरून काढलेली यादी पुरे: तारीख, वेळ, ठिकाण, खोली, परिमाण. दिसायला हे शहाणपणाचे आहे. पण यादी हा निष्कर्ष आहे आणि फाईल हा पुरावा. निष्कर्ष बदलतात. एकट्या कोयनेच्या भूकंपाचे परिमाण वेगवेगळ्या ग्रंथांत ६.३ पासून वर वेगवेगळे आढळते, कारण मोजण्याच्या पद्धती निराळ्या होत्या. मूळ नोंद असेल तर नव्या पद्धतीने पुन्हा मोजता येते. कोयनेत तशी एक नोंद टिकून राहिली. धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्राने त्या पहाटे धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि वर-खाली ०.३४ पट त्वरण टिपले. धरणाला भेगा पडल्या होत्या आणि त्या का पडल्या हे या नोंदीवरून तपासता आले. आज जगात कुठेही काँक्रीटच्या धरणाच्या भूकंपाचे गणित करणारे सॉफ्टवेअर तपासायचे असेल तर अभियंते कोयनेची हीच नोंद चालवून पाहतात. काही सेकंदांच्या रेघेने सहा दशके काम केले, कारण कोणी तरी ती सांभाळली आणि पुढे आकड्यांत उतरवली. परदेशातला दाखला तर आणखी बोलका आहे. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये झालेले भूकंप एकसारखे होते का, हे १९८० च्या दशकात तपासायचे ठरले तेव्हा नेदरलँड्समधल्या द बिल्ट वेधशाळेत तिन्ही वेळचे कागद नीट ठेवलेले सापडले. रेघा एकमेकांवर ठेवल्या तर आश्चर्य वाटावे इतक्या जुळल्या. १९२२ साली तो कागद फाईलला लावणाऱ्या माणसाला पार्कफील्ड कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या स्थानकाची कथा याच जातीची. १९६० च्या दशकात अमेरिकेने उभारलेल्या जागतिक प्रमाणित जाळ्यात पुणे होते. रोज फोटोकागदावर नोंदी उमटत, त्यांच्या सूक्ष्म फिल्मा होत आणि प्रती जगभर मिळत. जाळे उभारण्यामागे हेतू भूमिगत अणुचाचण्या ओळखण्याचा होता. त्यातून भूपट्टांच्या हालचालीच्या सिद्धांताला पुरावा मिळाला. नोंद ठेवणाऱ्याला तिचा उपयोग ठरवता येत नाही, म्हणून उपयोग नाही असे ठरवून ती पुसण्याचा अधिकारही त्याने फार जपून वापरावा.

प्रत्यक्षात फायली मरतात कशा? आग, पूर, चोरी यांनी क्वचित. बहुतेक वेळा साध्या सवयीने. यंत्रातले कार्ड भरले की दोनच गोष्टी होऊ शकतात: यंत्र नवी नोंद थांबवते, किंवा सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिते. बसवताना कोणती निवड केली हे पुष्कळदा कोणाला ठाऊकच नसते. जुने पुसत जाणे चांगले, पण ते चांगले तेव्हाच, जेव्हा पुसले जाण्याआधी प्रत निघालेली असते. चाळीस दिवस पुरेल एवढ्या कार्डावरून साठ दिवसांनी प्रत घेतली तर वीस दिवस गेले, आणि पडद्यावर कसलाही इशारा येत नाही. दुसरी सवय नावे बदलण्याची. 'नवी फाईल', 'नवी फाईल २', 'सरांसाठी' अशा नावांनी भरलेला फोल्डर ही आपल्या अनेक कार्यालयांची ओळख आहे. भूकंपाच्या नोंदीत यंत्राने दिलेले नाव बदलणे म्हणजे तिचा पत्ता पुसणे. तिसरी, मूळ फाईलवरच काम करण्याची: गोंगाट गाळला, रेघ सुबक केली आणि त्याच नावाने साठवली. गाळणी प्रतीवर लावायची, मूळ फाईल फक्त वाचण्यासाठी खुली ठेवायची. प्रत खरी आहे की नाही यासाठी साधा उपाय आहे. फाईलमधल्या सगळ्या आकड्यांवरून संगणक एक छोटा ठसा काढतो, त्याला चेकसम म्हणतात. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. प्रत काढताना ठसा जुळवला आणि वर्षातून एकदा पुन्हा जुळवला की डिस्क आतून सडते आहे का ते कळते. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. वडवणीची एक प्रत बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला असली की काम झाले. आणि एवढे सगळे करूनही स्थानकाची कुंडली सोबत नसेल तर उपयोग नाही. मापक कोणता, त्याचा अनुक्रमांक काय, किती कंपाला किती आकडा देतो, कोणत्या तारखेला बदलला, उत्तर दिशा नेमकी कशी लावली, हे लिहिलेले नसेल तर फाईलमधली रेघ किती मायक्रोमीटर हलली हे कोणीच सांगू शकत नाही. सातबाऱ्यावाचून जमीन जशी कसता येते पण आपली म्हणता येत नाही, तशी ही नोंद पाहता येते, मोजता येत नाही.

यावर येणारा पहिला आक्षेप खर्चाचा. एका स्थानकाचे गणित वर दिलेच आहे. तिथे हा आक्षेप टिकत नाही. काही ठिकाणी मात्र तो खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरलाच हजारो मापकांची माळ करून कंप टिपण्याचे तंत्र आले आहे आणि त्यातून दिवसाला टेराबाइटच्या हिशेबात आकडे निघतात. तिथे सगळे ठेवणे शक्य नाही, निवड करावीच लागते. पण निवड कशी करता हे महत्त्वाचे. पुष्कळदा सेकंदाला १०० मोजमापांची २० करून जागा वाचवली जाते. २० मोजमापांत सेकंदाला १० कंपनांच्या वरचे काही उरत नाही, आणि जवळच्या बारीक धक्क्यांची बरीच ओळख त्या वरच्याच भागात असते. दूरचे मोठे भूकंप दिसत राहतील, शेजारचे छोटे जातील. मराठवाड्यात आपल्याला हवे आहेत ते शेजारचे छोटे. काय टाकले, कोणत्या नियमाने टाकले, हे फाईलसोबत लिहून ठेवले तर निदान पुढच्या माणसाला कोऱ्या जागेचा अर्थ कळेल.

दुसरा आक्षेप असा की देशाचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आहे, त्याची दीडशेहून अधिक स्थानके आहेत, सगळे दिल्लीला थेट पोचते. मग तालुक्याच्या ठिकाणी डिस्का कशाला जपायच्या? केंद्राचे काम धक्क्याची माहिती मिनिटांत देण्याचे आहे आणि ते त्यासाठी आवश्यकच आहे. परंतु थेट प्रक्षेपण तुटते. वादळी पावसात दुवा जातो, लोडशेडिंगमध्ये राउटर बंद पडतो, आणि त्या वेळची नोंद फक्त जागेवरच्या कार्डात असते. चांगल्या व्यवस्थेत दुवा परत आला की राहिलेले तुकडे आपोआप मागवले जातात. तोपर्यंत कार्डाने ते धरून ठेवायला हवेत. शिवाय काही गोष्टी जागेवरच्या माणसालाच कळतात. मंगळवारी शेजारच्या शेतात बोअर मारत होते, गुरुवारपासून रस्त्याचे काम सुरू झाले, मापकाच्या खोलीत उंदीर शिरला: हे एका साध्या वहीत तारीख-वेळेसह लिहिलेले असेल तर दिल्ली-हैदराबादच्या तज्ज्ञाचे आठवडे वाचतात. विहिरीच्या सुरुंगाची वेळ आणि जागा कळली तर तोच त्रासदायक सुरुंग कामाचा होतो, कारण त्याच्या लाटेवरून आसपासच्या खडकातला वेग मोजता येतो.

तिसरा आक्षेप सामान्य वाचकाचा आणि सर्वांत प्रामाणिक: भूकंप कधी होणार हे तर कोणालाच सांगता येत नाही, मग या साठ्यातून आमच्या घराला काय मिळणार? सांगता येत नाही हे खरेच आहे. पार्कफील्डला एवढ्या जुन्या नोंदी जुळवून १९८८ च्या आगेमागे पुढचा भूकंप येईल असा अंदाज बांधला गेला. तो आला २००४ मध्ये. नोंदींचा ढीग रचला की भविष्य कळते असा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घराला जे मिळते ते वेगळ्या वाटेने मिळते. वडवणीच्या शाळेची इमारत किती धक्का सोसेल अशी बांधायची, याचे आकडे भारतीय मानकातून येतात. मानक नकाशावरून येते. नकाशा नोंदींवरून येतो. कोयनेनंतर १९७० मध्ये आणि किल्लारीनंतर २००२ मध्ये नकाशा बदलला, दोन्ही वेळा माणसे गेल्यानंतर. आधी बदलायचा असेल तर आधीची नोंद हवी, आणि तीत जमीन गप्प होती ते दिवसही मोजलेले हवेत.

तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेने, महाविद्यालयाने किंवा ग्रामपंचायतीने छोटा भूकंपमापक घ्यायचे ठरवले, तर उद्घाटनाचा नारळ फोडण्याआधी तीन नावे ठरवून भिंतीवर लिहावीत: रोज सकाळी साडेपाचनंतर कालची फाईल उघडून पाहणारा कोण, महिन्याला प्रत काढून दुसऱ्या गावी पोचवणारा कोण, आणि या दोघांची बदली झाल्यावर त्यांच्या जागी येणारा कोण. तिसरे नाव मिळत नसेल तर यंत्र घेण्याची घाई करू नये.